रस्त्याखालची वायर

गॅब्रिएलने खडूने रस्त्यावर आडव्या दोन रेघा मारल्या, मध्ये वितीएवढं अंतर ठेवलं आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत छिन्नी टेकवली. हातोडा उचलला तेवढ्यात चिखलाने भरलेले दोन गमबूट येऊन बरोबर त्या रेघांच्या मध्ये उभे राहिले.

"इथं खोदायचं नाय," शेजारच्या वाडीचा हरेश्वर म्हणाला.

हे तो गॅब्रिएलला म्हणाला. चार पावलांवर फाटकापाशी आशालता उभी होती, तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. गॅब्रिएल जवळच्या पापडी गावचा, साठीला आलेला वायरमन. अशा भांडणांची त्याला सवय असावी. त्याने हातोडा खाली ठेवला, खिशातून तपकिरीची डबी काढली आणि दोघांचं काय ठरतंय याची वाट पाहत उकिडवा बसून राहिला.

"तुम्ही खोदा हो," आशालता त्याला म्हणाली. "मी बघते."

"दिवे कुठं लावनार?" हरेश्वरने आता तिला विचारलं.

"पाटाच्या कडेला. सात आहेत."

"पाटाला लागून माझी शेवंती हाय."

"दिवे रस्त्यावर लागणार आहेत. तुमच्या शेवंतीवर नाही."

"उजेडाला कुंपन कोन घालनार?" त्याचा आवाज चढला नव्हता. शेतातल्या माणसाला सांगावं तसं तो सांगत होता. "शेवंतीला अंधार लागतो. रात मोठी झाली की ती कळी धरते. उजेडात ठेवली तर नुसता पाला वाढतो."

परळच्या एका रुग्णालयात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या आशालताने नातेवाइकांच्या नाना सबबी ऐकल्या होत्या. ही त्यातलीच एक, असं तिला वाटलं. फुलाला ऊन लागतं एवढं आम्हालाही कळतं, ती म्हणाली; अंधार लागणारं फूल आजच ऐकलं.

हरेश्वर मागे वळला. तो वाडीत गेला, त्याने आपला टेम्पो काढला आणि मागचं चाक नेमकं खडूच्या रेघांवर येईल असा आणून उभा केला. किल्ली खिशात टाकून तो निघून गेला. टेम्पोला वळसा घालून माणूस जेमतेम जाऊ शकत होता. गॅब्रिएलने हत्यारं पिशवीत भरली.

"बाई, तुमचं मिटलं की फोन करा," तो म्हणाला.

टेम्पो तिथे चार दिवस उभा होता.

वसईजवळच्या उमेळ्यातलं हे घर आशालता आणि तिचा नवरा विलास यांनी निवृत्तीनंतर घेतलं होतं. मूळ दोघंही कुडाळकडचे. उरलेलं आयुष्य झाडांच्या जवळ काढायचं अशी विलासची इच्छा. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत साठेक पावलांचा सरळ आतला रस्ता होता. घराकडून निघालं की डाव्या हाताला सोसायटीची उंच भिंत आणि उजव्या हाताला हरेश्वरची वाडी. रस्ता आणि वाडी यांच्या मधून शिंपण्याचा पाट गेला होता, कमरेइतका खोल. रस्त्याची जमीन सातबाऱ्यावर हरेश्वरच्याच नावावर होती. खरेदीखतात या घराला फक्त येण्याजाण्याचा हक्क होता.

पहिलं वर्ष बरं गेलं. हरेश्वरची सून दिपिका कधी वालाच्या शेंगा, कधी केळफूल आणून द्यायची. मग पावसाळ्याच्या तोंडावर हरेश्वरने फाटकाच्या जवळ शेणखताचा ढीग घातला. माश्या घरभर झाल्या. आशालताने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा महानगरपालिकेत अर्ज दिला. ढीग हलला, शेंगा बंद झाल्या.

पण तिचं मन खरं उलटलं ते जुलैमध्ये. विलासला काचबिंदू होता. आयुष्यभर एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून ज्याने केसाएवढ्या रेघा मारल्या, त्या माणसाची नजर दोन्ही बाजूंनी आत आत येत चालली होती. नळीतून पाहावं तसं दिसतं, असं तो म्हणायचा, आणि वर हसायचा. रोज संध्याकाळी साडेसहाला तो एकटा मुख्य रस्त्यापर्यंत जायचा, टपरीवर अर्धा चहा घ्यायचा, दुधाची पिशवी घेऊन परतायचा. ती सोबत आलेली त्याला चालत नसे. एवढं एक माझं राहू दे, त्याने सांगितलं होतं, आणि तिने ते मानलं होतं.

त्या दिवशी सूर्य बुडून झावळझावळ झाली होती. येताना त्याचा पाय कडेवरून सुटला आणि तो पाटात कोसळला. हरेश्वर जवळच होता. त्यानेच त्याला बखोटीला धरून वर काढलं, रस्त्यावर बसवलं. आशालता धावत आली तेव्हा विलासच्या भुवईतून रक्त वाहत होतं आणि दुधाची पिशवी फुटून पाटाचं पाणी पांढरं झालं होतं.

"आंधळ्याला एकटा कशाला सोडता?" हरेश्वर म्हणाला.

त्याने ते सरळ विचारलं होतं. पण तो शब्द तोवर त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. डॉक्टरांनीही नाही. विलास हाताचा तळवा भुवईवर दाबून बसला होता. तो शब्द ऐकून त्याने मान जराशी वळवली, दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखी. आशालताने हरेश्वरचे आभार मानले नाहीत. भुवईला पाच टाके पडले. ते काढायच्या आतच तिने दिव्यांचं ठरवलं होतं.

सोसायटीने आपल्या भिंतीला एकही भोक पाडू देणार नाही असं लेखी कळवलं. तसंही उजेड हवा होता तो पाटाच्या काठावर, भिंतीवर नव्हे. मीटर घरात, म्हणजे रस्त्याच्या डाव्या अंगाला. तेव्हा वायर रस्ता ओलांडून पलीकडे न्यायला हवी होती, एवढाच काय तो प्रश्न. दहा फूट रुंदीचा रस्ता.

टेम्पो हलल्यावर तिने गॅब्रिएलला पुन्हा बोलावलं आणि वायर वरून घ्यायला लावली. गॅब्रिएल तयार नव्हता. वरून नेलेली वायर आज ना उद्या कशाला तरी अडकते, तो म्हणाला, जमिनीखालून गेलेली बरी. तरी त्याने फाटकाच्या खांबापासून पलीकडच्या कडेला पुरलेल्या लोखंडी पाइपपर्यंत तारेच्या आधाराने केबल ताणून दिली, बारा फुटांवर. सात दिवे पाटाच्या कडेने उभे केले, छातीइतक्या उंचीचे. संध्याकाळी ते लागले तेव्हा विलास फाटकाशी येऊन उभा राहिला. छान दिसतंय, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी केबल रस्त्यावर पडलेली होती आणि लोखंडी पाइप वाकला होता. हरेश्वरच्या टेम्पोत केळीचे घड टपाच्याही वर रचलेले होते. माल उंच होता, तो म्हणाला, वायर दिसली नाही. आशालताने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो खोटं बोलत होता आणि आपण खोटं बोलतोय हे तिला कळावं अशीच त्याची इच्छा दिसत होती.

ती चौकीवर गेली. तिथल्या हवालदाराने दोघांना समोरासमोर बसवून शेजारधर्मावर बरंच ऐकवलं, पण लिहून काही घेतलं नाही. मग ती वकिलाकडे गेली. येण्याजाण्याच्या हक्कात सुरक्षित येणंजाणं आलंच, आणि सुरक्षित म्हटलं की उजेड आला, असं वकिलाने नोटिशीत मांडलं. हरेश्वरने नोटीस घेतली. त्याचा मुलगा अल्पेश कामणच्या एका गोदामात सुपरवायझर होता; त्यानेच बापाला समजावलं असावं की कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात अर्थ नाही. दसऱ्याच्या आधी गॅब्रिएलने तिसऱ्यांदा येऊन पुन्हा खडूच्या रेघा मारल्या आणि या वेळी कुणी आलं नाही. फक्त वाडीत, केळीच्या आडोशाला, हरेश्वर पाठमोरा उभा होता आणि प्रत्येक घावाला त्याचे खांदे किंचित हलत होते.

गॅब्रिएलने दीड फूट खोल चर खणला. तळाशी वाळू अंथरली, जाड पाइपातून केबल ओवली, वर पुन्हा वाळू, त्यावर विटांची एक ओळ, म्हणजे उद्या कुणी खणलं तर आधी वीट लागेल. काम करता करता तो म्हणाला, "बाई, फुलाचं तो खोटं नाय सांगत. पापडीला माझ्या मेव्हन्याची शेवंती होती. बाजूला बिल्डिंगवाल्यानं मोठा लाइट मारला. त्या साली त्याला फूल नाय दिसलं."

"तुम्ही वायरचं बघा," आशालता म्हणाली.

त्याने पुढे वायरचंच पाहिलं. काम मात्र नेटकं केलं. ब्लॉक असे परत बसवले की कुठे उकरलं होतं ते कळू नये. दिव्यांना त्याने सेन्सर लावला. अंधारलं की आपोआप लागायचे, उजाडलं की विझायचे. बंद करायचे झाले तर हॉलमध्ये दाराजवळ एक बटण होतं, तेही त्याने दाखवून ठेवलं.

विलास रोज साडेसहाला निघायचा आणि साडेसातच्या आत घरात असायचा. त्यानंतर त्या दिव्यांचं काहीच काम नव्हतं. हे आशालताला पहिल्या दिवसापासून कळत होतं. जेवणं उरकून झोपायला जाताना ती दाराची कडी लावायची, बटण तिच्या हाताशी असायचं, आणि ती हात मागे घ्यायची. बाहेर वाडीवर पांढरा उजेड पसरलेला असायचा. ज्याने चार दिवस टेम्पो आडवा लावला, ज्याने मुद्दाम वायर पाडली, त्याच्या दारात आपला उजेड पडतो आहे, याचं तिला समाधान वाटायचं. ते समाधान चांगलं नव्हे हेही तिला ठाऊक होतं. ती कूस बदलून झोपी जायची.

हरेश्वरने पाटाच्या पलीकडच्या कडेला बांबू रोवले आणि त्यावर काळं प्लास्टिक ताणलं. परतीच्या पावसाच्या वाऱ्याने त्याच्या चिंध्या झाल्या. त्याने गोणपाटं शिवून लावली. त्यातलं एक सुटून रस्त्यावर आलं आणि दिव्यावर जाऊन पडलं. आशालताने ते काठीने ओढून काढलं आणि तिथेच न थांबता बांबूही उपटला, कारण तो हातभर का होईना रस्त्याच्या हद्दीत आला होता. उपटलेला बांबू तिने पाटात टाकला. हरेश्वरने तो दुसऱ्या दिवशी पाण्यातून काढला, पण परत रोवला नाही. त्यानंतर त्याने काहीच केलं नाही. समोरासमोर आले की दोघं अशी जात की जणू रस्ता रिकामाच आहे.

विलास या सगळ्यात नव्हता. बायकोने आपल्यासाठी मांडलेला हा उभा दावा त्याला दिसत होता, पण तो त्यावर बोलत नसे. एकदाच, डोळ्यांत थेंब घालून घेताना, मान मागे टाकून पडल्या पडल्या तो म्हणाला की आता पुरे झालं, दिवे लागले ना. सप्टेंबरमध्ये नजरेची तपासणी करायची होती. ती त्याने दिवाळीनंतरवर ढकलली, आणि दिवाळी झाल्यावर म्हणाला की थंडी सरू दे. चौकीच्या आणि वकिलाच्या खेपांत आशालतालाही ते सोयीचंच पडलं.

मार्गशीर्ष लागला. पहिल्या गुरुवारी वसई स्टेशनच्या बाजारातून आशालता पूजेची फुलं घेऊन येत होती. पिशवीतून शेवंतीच्या वेण्या डोकावत होत्या. रस्त्यावर वळल्यावर तिने वाडीकडे पाहिलं. इतके दिवस तिने त्या बाजूला पाहणंच सोडलं होतं. आत, विहिरीकडचे वाफे पिवळे झाले होते. कणसं लगडावीत तशी फुलं. पाटालगतचे चार वाफे हिरवेगार होते. रोपं उंच, निरोगी, पानं रसरशीत, आणि त्या चारही वाफ्यांवर एक कळी नव्हती. पिवळं कुठे संपतं आणि हिरवं कुठे सुरू होतं ती रेघ, दिव्यांचा उजेड जिथपर्यंत पोचत असेल, अगदी तिथून गेली होती.

वाफ्यात दिपिका वाकून तण काढत होती. तिने मान वर केली. तिची नजर आधी आशालताच्या तोंडावर आणि मग तिच्या पिशवीतल्या वेण्यांवर गेली. आशालताने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

दुपारी दिपिका फाटकाशी आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"बाबांनी पाठवलं नाय," ती म्हणाली. "त्यांना कळलं तर रागावतील. काकू, काका घरात आले की तेवढे बंद नाय का करता येनार? निदान मागाहून केलेली लागवड तरी वाचेल."

आशालताला तोंडाशी आलेला होकार गिळावा लागला. आत्ता हो म्हणायचं म्हणजे इतके दिवस का नाही केले, याचं उत्तर आलं.

"सेन्सर आहे त्याला," ती म्हणाली. "आपोआप चालतं. माझ्या हातात नाही."

दिपिकाने मान हलवली. बटण कुठेतरी असणारच हे तिला माहीत होतं, एवढंच त्या मान हलवण्यातून कळलं. जाताना ती वळून म्हणाली, "काकांना पडून चालनार नाय, ते बरोबर हाय." या वाक्यात काही टोचणी होती का, हे आशालता संध्याकाळपर्यंत शोधत राहिली. नव्हती. तेच तिला जास्त लागलं.

माणूस मोठा की फूल, असं तिने स्वतःला विचारलं. उत्तर सोपं होतं. विलास चालत असतो त्या तासाभरासाठी दिवे हवेतच, मग भले सबंध वाडी करपो. उरलेल्या रात्रीचं उत्तर मात्र तिने स्वतःलाही दिलं नाही. त्या रात्री ती बटणापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि तशीच झोपायला गेली. आज बंद केले तर उद्या सकाळी हरेश्वर जिंकलेला असेल, असं तिला वाटलं.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, सातच्या सुमाराला ती आमटीला फोडणी देत होती. बाहेर कुठेतरी ट्रान्सफॉर्मरचा फाट्कन आवाज झाला. पंखा क्षणभर अडखळला आणि पुन्हा फिरू लागला. घराला इन्व्हर्टर होता. दिव्यांची लाइन गॅब्रिएलने सरळ मीटरवरून काढली होती, ती इन्व्हर्टरवर नव्हती, हे तिला आठवलं तेव्हा तिच्या हातातला डाव खाली पडला. गॅस बंद करून ती तशीच धावली.

फाटकापर्यंत येऊन ती थबकली. रस्ता पूर्ण काळा होता. सोसायटीच्या इमारतीतही अंधार. चंद्र ढगांआड होता. मोबाइलचा उजेड करायला तिने फोन वर उचलला आणि तेवढ्यात तिला त्याचा पांढरा सदरा दिसला.

तो अर्ध्या रस्त्यावर होता. थांबलेला नव्हता, चाचपडत नव्हता. ज्या संथ चालीने तो रोज यायचा त्याच चालीने येत होता. दूध डाव्या हातात होतं. उजव्या हाताची बोटं सोसायटीच्या भिंतीवरून सरकत होती, खरबरीत सिमेंटवरून, त्यांचा बारीक आवाज येत होता. पाटापासून तो पुरा आठ फूट लांब होता. भिंतीला जिथे पाण्याचा पाइप आडवा येतो तिथे त्याची बोटं न अडखळता उचलली गेली, पाइप ओलांडून पलीकडे टेकली. ओठ हलत होते. तो पावलं मोजत होता.

दिवे गेले त्याला दोनेक मिनिटं होऊन गेली होती. त्याच्या चालीत त्याची कुठेच खूण नव्हती.

तिने फोन खाली घेतला. तीस वर्षं तिने माणसांना ओळखलं होतं ते ती माणसं बोलायच्या आधी: कोण दुखणं लपवतोय, कोण गोळी उशीखाली सारतोय. टपरीवरून आणलेला पेपर हल्ली नव्यासारखा घडीतच राहत होता. ताटात पहिला घास घेण्याआधी त्याचा हात एकदा ताटाच्या कडेवरून फिरायचा. टीव्हीवरच्या बातम्या तो डोळे मिटून ऐकायचा आणि ती म्हणायची, झोप आली असेल तर आत जा. सगळं तिच्यासमोर झालं होतं. ती नोटिशीचा मसुदा वाचत होती.

फाटकापासून पाच-सहा पावलांवर तो थांबला. तिच्या चपलेखाली एक खडा करकरला होता.

"आशा?"

"हो."

"बाहेर कशाला आलीस?" तो म्हणाला आणि हसला. मग भिंतीवरचा हात काढून त्याने सदऱ्याला पुसला, आणि मागच्या काळ्याकुट्ट रस्त्याकडे मान वळवून म्हणाला, "एक आहे हं. तू भांडलीस त्याचं चीज झालं. काय लख्ख रस्ता दिसतो."

तिने त्याच्या हातातली दुधाची पिशवी घेतली.

"चला आत," ती म्हणाली. "आमटी तशीच टाकून आलेय."

जेवताना तिने त्याला काही विचारलं नाही. मीठ नेहमीच्या जागी वाढलं, चटणी नेहमीच्या जागी, वाटी घड्याळात तीन वाजतात तिथे. आठच्या सुमाराला वीज आली आणि बाहेर सातही दिवे एकदम लागले. खिडकीच्या काचेवर त्यांचा पांढरा पट्टा उमटला. विलास भात कालवत होता. तो पट्टा त्याच्या चेहऱ्यावर पडला होता. आशालता उठली आणि हात धुवायला जाताना तिने दाराजवळचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हरेश्वर पाटालगतच्या वाफ्यांत होता. हिरवी रोपं तो मुळासकट उपटत होता आणि बांधावर ढीग घालत होता. मार्गशीर्षाच्या बाजाराला ती आता मिळणार नव्हती. त्या जागेत दुसरं काही लावावं एवढाच हिशेब उरला होता. दिवसभरात तीन वाफे मोकळे झाले. आशालताने खिडकीतून दोनदा पाहिलं. जाऊन काही बोलावं असं तिला वाटलं. उपटलेल्या रोपासमोर उभं राहून माणूस काय बोलणार?

साडेसहाला विलास दारात चपला शोधत होता. पायाने चाचपून त्याने एक सरळ केली, मग दुसरी.

"दिवे लागले का गं?" त्याने विचारलं.

आशालता बटणाजवळच उभी होती. बटण बंदच होतं.

"लागलेत," ती म्हणाली.

तो गेला. ती फाटकापर्यंत गेली आणि खांबाच्या आड उभी राहिली. उजेड झपाट्याने ओसरत होता. त्याची बोटं भिंतीवरून जात राहिली, मग तो मुख्य रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाला.

पाटापलीकडे शेवटच्या वाफ्यात हरेश्वर ताठ उभा राहिला. त्याने विझलेल्या दिव्यांकडे पाहिलं, एकापासून सातव्यापर्यंत. कोपराने घाम पुसत तो पाटाच्या कडेला आला. दोन महिन्यांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"काय, वायर जळली?"

"नाही."

"मंग?"

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती. हिने आता कसला नवा डाव टाकलाय, हेच तो जोखत होता.

"आता बंद करून काय उपेग?" तो म्हणाला. "उपटून झालं सगळं."

"माहीत आहे मला."

तो बांधावरचा ढीग उचलायला वाकला. एक भारा नेऊन टाकला, दुसरा नेला. आशालता जागची हलली नाही. अंधार पडला. पुष्कळ वेळाने वळणावर सदरा दिसला आणि भिंतीवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज जवळ येऊ लागला. हरेश्वर तिसरा भारा छातीशी धरून तसाच थांबला. अंधारात चालत येणाऱ्या माणसाच्या बोटांकडे तो पाहत राहिला. मग विझलेल्या दिव्यांकडे. मग फाटकाच्या खांबाआड उभ्या असलेल्या बाईकडे.

उपटलेल्या रोपांचा ओला, उग्र वास विलासला आला असावा. तो थांबला, आणि वासाच्या दिशेने तोंड करून त्याने विचारलं, "कोण? हरेश्वर का?"

"हां. मीच."

"तुमचं नुकसान झालं हो आमच्या दिव्यांनी," विलास म्हणाला. "मला कळतं ते. पण खरं सांगतो, या उजेडाचा मला फार आधार आहे. नाहीतर मी या रस्त्याने एकटा येऊच शकलो नसतो."

आशालताचा हात खांबावर घट्ट झाला. हरेश्वरला काय काय बोलता येतं हे तिला ठाऊक होतं. जुलैत याच जागी उभा राहून तो बोलला होता.

हरेश्वरने छातीशी धरलेला भारा खाली ठेवला. हात झटकले. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"हां," तो म्हणाला. "चांगला पडतो उजेड." आणि जरा थांबून, "कडेला येऊ नका. तसेच भिंतीनं जा."